जुन्या रिळांची खतावणी

व्यापारी घरात जुनी वही सहसा टाकली जात नाही. व्यवहार मिटून पन्नास वर्षे लोटली, देणारे-घेणारे दोघेही काळाच्या पडद्याआड गेले, तरी लाल कापडी बांधणीच्या वह्या माळ्यावर गाठोड्यात बांधून जपलेल्या आढळतात. त्याच माळ्यावर पत्र्याच्या एखाद्या पेटीत सिनेमाची छोटी रिळे आणि व्हिडिओ कॅसेटीही पडलेल्या असतात. त्यांच्या वाट्याला मात्र ही आस्था येत नाही. वाडा पाडून नवे बांधकाम काढले, भावाभावांत वाटण्या झाल्या, की वह्या कोणाच्या तरी वाट्याला जातात आणि कॅसेटींचे पोते भंगाराच्या गाडीत चढते. लावायला यंत्र उरलेले नसते, आत काय आहे हे कोणाला आठवत नसते आणि लग्नाच्या कॅसेटी तर घरोघरी आहेत, असे वाटून कोणी हळहळतही नाही.

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड या पट्ट्यातील व्यापारी कुटुंबांसमोर आज नेमका हाच प्रश्न उभा आहे. पेटीत पन्नास वस्तू असतील आणि वेळ व पैसा दहांपुरताच असेल, तर त्या दहा कोणत्या निवडाव्यात? जगभरचे संग्राहक आणि चित्रपट-संग्रहालये या प्रश्नाला जे उत्तर देतात, ते घरच्यांच्या अपेक्षेहून बरेच वेगळे असते. घरच्यांना लग्नमंडप आणि मुखवट्यासारखे सजलेले चेहरे मोलाचे वाटतात. जाणता संग्राहक मात्र मंडपाबाहेरचा रस्ता पाहतो. जे पुन्हा चित्रित होऊ शकत नाही, जे दुसरीकडे कोठेही मिळत नाही आणि ज्यातील माणसांची नावे सांगता येतात, ते त्याच्या दृष्टीने पहिल्या क्रमांकाचे असते.

घरात कॅमेरा आला तो काळ

घरगुती चित्रणाचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. फ्रान्समधील पाथे कंपनीने १९२२ साली साडेनऊ मिलिमीटरची फीत बाजारात आणली, अमेरिकेतील कोडॅकने १९२३ साली सोळा मिलिमीटरची आणि १९३२ साली आठ मिलिमीटरची. १९६५ साली सुपर एट आली आणि डबी कॅमेऱ्यात सरकवली की चित्रण सुरू, इतके ते सोपे झाले. भारतात मात्र हा छंद दीर्घकाळ संस्थानिक, इंग्रज अधिकारी, मोठे कारखानदार आणि काही हौशी डॉक्टर-वकील यांच्यापुरताच राहिला. मराठवाड्यासारख्या भागात कॅमेरा आला तो बहुधा मुंबईच्या पाहुण्यांबरोबर किंवा परदेशी जाऊन आलेल्या एखाद्या आप्तामुळे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हीसीआर आले आणि काही वर्षांतच लग्नाच्या याद्यांत आचारी, मंडपवाला, बँडवाला यांच्याबरोबर 'व्हिडिओ शूटिंग'वाल्याचेही नाव लिहिले जाऊ लागले. त्यामुळे आजची पेटी उघडली तर तळाशी असलीच तर दोन-चार रिळे, त्यांच्यावर व्हीएचएस कॅसेटींचा ढीग आणि सर्वांत वर सीडी, असे थर दिसतात.

या थरांतही एक हिशेब दडलेला आहे. सुपर एटची पन्नास फुटांची डबी नेहमीच्या गतीने तीन मिनिटे वीस सेकंद चालते. त्यात एकूण तीन हजार सहाशे चित्रे मावतात. फीत महाग, धुऊन येण्यास वेळ लागणार, म्हणून कॅमेरा हाती घेणारा माणूस प्रत्येक सेकंद जपून खर्च करीत असे. काय टिपायचे आणि काय सोडायचे, हा त्याचा स्वतःचा निर्णय असे. व्हीएचएसच्या एका कॅसेटीत तीन तास मावू लागले, तेव्हा ही काटकसर संपली. म्हणून तीन मिनिटांच्या रिळाकडे संग्राहक तीन तासांच्या कॅसेटीपेक्षा अधिक बारकाईने पाहतो. परंतु या तीन तासांतही, कॅमेरावाला कंटाळून खिडकीबाहेर वळला असेल, तर ती दहा सेकंदे त्याला हवी असतात.

कुटुंबाची पेटी हेच पहिले संग्रहालय

महाराष्ट्रात या विषयाला जुनी पार्श्वभूमी आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे मुंबईतील छायाचित्रणाचे व्यावसायिक. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवून १८९९ साली हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचे स्वागतही त्यांनी चित्रित केले. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे करण्यापूर्वी वाटाण्याचे रोप वाढतानाचे चित्रण घरीच थोडे थोडे करून एक छोटी फीत तयार केली होती. ती पाहून छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज देण्यास तयार झाले. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या भांडवलाला तारण म्हणून घरात काढलेली एक फीत पुढे आली, ही गोष्ट व्यापारी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय फेब्रुवारी १९६४ मध्ये स्थापन झाले. त्याचे शिल्पकार पी. के. नायर जुन्या चित्रपटांच्या शोधात निघाले, तेव्हा फाळक्यांचा 'कालिया मर्दन' त्यांना फाळके कुटुंबीयांकडूनच मिळाला. त्यात बालकृष्णाची भूमिका फाळक्यांच्या कन्या मंदाकिनी यांनी केली आहे. जे चित्रपट कुटुंबांनी सांभाळले ते उरले, आणि मूकपटांच्या काळातील बहुतेक चित्रपट कोणीच सांभाळले नाहीत म्हणून गेले. घरगुती रिळांना तर चित्रपटगृहाचा किंवा वितरकाचाही आधार नसतो. त्यांची प्रत एकच, आणि ती घरातच.

हौशी आणि विखुरलेल्या चित्रणाचे मोल ओळखणाऱ्यांत एका व्यापारी समाजातील माणसाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. तमिळनाडूच्या नगरत्तार चेट्टियार समाजातील अ. क. चेट्टियार यांनी महात्मा गांधींवर माहितीपट करावयाचे ठरवले आणि त्यासाठी आफ्रिका, युरोप, अमेरिका पालथी घातली. सुमारे शंभर जणांनी निरनिराळ्या वेळी टिपलेली जवळजवळ पन्नास हजार फूट फीत त्यांनी जमवली. १९४० साली तो माहितीपट प्रथम तमिळमध्ये प्रदर्शित झाला. कोणाच्या तरी कपाटात पडलेले तुकडे कोणीतरी जाऊन मागितले, म्हणून ते एकत्र आले.

तीन व्यापारी, तीन रिळे

घरगुती चित्रणातील कोणता भाग अखेर मोलाचा ठरतो, हे जगातील तीन प्रसिद्ध उदाहरणांतून स्पष्ट होते. योगायोग असा, की तिघेही उद्योग-व्यापारातील माणसे होती.

पहिले, अमेरिकेतील डलास येथील तयार कपड्यांचे उत्पादक अब्राहम झाप्रुडर. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची मिरवणूक पाहण्यासाठी ते आपला आठ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन गेले आणि केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तो क्षण त्यांच्या फितीत उतरला. जेमतेम सव्वीस सेकंदांचे ते चित्रण. १९९९ साली अमेरिकी सरकारने त्या मूळ फितीपोटी झाप्रुडर कुटुंबाला एक कोटी साठ लाख डॉलर दिले. हे उदाहरण नेहमी सांगितले जाते, परंतु ते अपवादात्मक आहे. घरगुती रिळाला बाजारात असा भाव येत नसतो. बहुतेक रिळे जुन्या बाजारात कॅमेऱ्याबरोबर किरकोळ किमतीत जातात.

दुसरे, डेव्ह तात्सुनो. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्या कुटुंबाचे दुकान होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना छावण्यांत डांबण्यात आले, तेव्हा ते यूटातील टोपाझ छावणीत गेले. तेथील सहकारी दुकानाचे काम त्यांच्याकडे होते. छावणीत कॅमेऱ्याला बंदी असतानाही एका अधिकाऱ्याच्या मदतीने त्यांनी आपला कॅमेरा आत मागवला आणि १९४३ ते १९४५ या काळात लपूनछपून चित्रण केले. त्यात मोठी घटना एकही नाही. बर्फाने झाकलेले आवार आहे, तांदूळ कांडून नववर्षाची पारंपरिक मिठाई करणारी माणसे आहेत, प्रार्थनेला निघालेली कुटुंबे आहेत. १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत या चित्रणाचा समावेश झाला. सरकारी कॅमेऱ्याने जे दाखवले नसते, ते एका दुकानदाराने दाखवले.

तिसरे उदाहरण या विषयात सर्वांत बोलके आहे. न्यूयॉर्कचे व्यावसायिक डेव्हिड कुर्त्झ १९३८ साली युरोपच्या सहलीवर गेले असता पोलंडमधील नाशेल्स्क या लहान गावात त्यांनी तीन मिनिटांचे चित्रण केले. कॅमेरा पाहून गोळा झालेली मुले, दारांतून बाहेर येणारी माणसे, एक दुकान, एवढेच त्यात आहे. त्या गावात सुमारे तीन हजार ज्यू राहत होते. महायुद्धानंतर त्यांतील शंभरही उरले नाहीत. २००९ साली कुर्त्झ यांच्या नातवाला फ्लोरिडातील घराच्या कपाटात ती फीत सापडली. तिची अवस्था वाईट होती. वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने ती दुरुस्त करून सर्वांसाठी खुली केली, तेव्हा अमेरिकेतील एका तरुणीने त्यातील तेरा वर्षांच्या मुलाला ओळखले. ते तिचे आजोबा होते, आणि ते हयात होते. त्यांच्या आठवणीतून आणखी माणसांची नावे मिळाली. दुकानाच्या पाटीवरची पुसट अक्षरे लावण्यासाठी अभ्यासकांनी खूप कष्ट घेतले. पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाने सहज टिपलेली तीन मिनिटे ही एका नाहीशा झालेल्या वसाहतीची साक्ष ठरली.

या तिन्हींत समान काय आहे? फीत मूळ होती, दुसरी कोणाकडे नव्हती, आणि कोणी काढली, कोठे काढली, केव्हा काढली हे सांगता येत होते. संग्राहकांच्या कसोट्या याच आहेत.

पहिली कसोटी : मूळ आणि एकमेव

पेटीतील वस्तूंत सर्वांत वरचे स्थान कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फितीचे. तिची कॅसेट केली, कॅसेटीची सीडी केली, म्हणून मूळ फीत निरुपयोगी होत नाही. उलट प्रत्येक नकलेत तपशील गळत जातो. कोडाक्रोम नावाची रंगीत फीत अंधाऱ्या जागी ठेवली तर तिचे रंग अनेक दशके टिकतात. तिच्यावरून वीस वर्षांपूर्वी केलेली कॅसेट मात्र आज फिकट आणि थरथरती दिसते. नक्कल झाल्यावर मूळ फीत टाकून देणे म्हणजे झेरॉक्स मिळाली म्हणून खरेदीखत फाडण्यासारखे आहे.

चार्ली चॅप्लिनचे किंवा कार्टूनचे तुकडे असलेली विकत आणलेली रिळेही अनेक घरांत असतात. त्यांच्या हजारो प्रती निघालेल्या असल्याने त्यांचे महत्त्व कमी. तरीही न पाहता ती टाकू नयेत. साडेनऊ मिलिमीटरच्या अशा विक्रीच्या रिळांतूनच काही हरवलेल्या मूकपटांचे भाग मिळाले आहेत. कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांना हौशी लोक मागणी करतात, पण यंत्रे कारखान्यात पुष्कळ बनली. घरचे रीळ एकच बनले.

दुसरी कसोटी : मंडपाबाहेरचे

फेब्रुवारी १९८१ मध्ये श्रवणबेळगोळ येथे बाहुबली भगवंतांच्या मूर्तीच्या सहस्राब्दीनिमित्त महामस्तकाभिषेक झाला. इंदिरा गांधी यांनी हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी केली. देशभरच्या वृत्तपत्रांनी आणि सरकारी कॅमेऱ्यांनी तो सोहळा टिपला. आता कल्पना करावी, की मराठवाड्यातून त्या सोहळ्याला गेलेल्या एखाद्या कुटुंबाकडे त्या यात्रेचे एक रीळ आहे. त्यात अभिषेकाची एक मिनिट आणि प्रवासाची दोन मिनिटे आहेत. घरचे लोक अभिषेकाचे मिनिट पुन्हा पुन्हा पाहतील. संग्राहक मात्र उरलेल्या दोन मिनिटांवर थांबेल, कारण बसच्या टपावर बांधलेल्या वळकट्या, वाटेत झाडाखाली मांडलेला चौका, पाणी गाळून घेणाऱ्या बायका, काठी टेकत उतरणारे आजोबा हे दुसऱ्या कोणत्याही कॅमेऱ्यात नाहीत. मोठी घटना सर्वांनी टिपलेली असते. तिच्यापर्यंत पोहोचणारी माणसे फक्त घरच्या कॅमेऱ्याने टिपलेली असतात.

हेच मोंढ्याला लागू पडते. सेलू आणि मानवत ही कापसाच्या व्यापाराची गावे. कापसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग, जिनिंगच्या आवारातला सरकीचा ढीग, गाठी उचलणारे हमाल, अडत दुकानातली गादी, तक्के आणि मुनीमजी, लक्ष्मीपूजनाच्या रात्री उघडलेली नवी वही, हे सर्व ज्यांनी रोज पाहिले त्यांना ते चित्रित करण्याजोगे वाटले नाही. म्हणून आज ते दुर्मीळ आहे. वरातीच्या चित्रणात घोड्यामागे जर मोंढ्याचा रस्ता वीस सेकंद दिसत असेल, तर संपूर्ण लग्नात तीच वीस सेकंदे अनमोल ठरण्याची शक्यता आहे. मीटरगेज रेल्वेचा फलाट, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे, १९७४-७५ च्या भगवान महावीर निर्वाणाच्या पंचविसाव्या शतकपूर्तीची गावातील मिरवणूक, नेमगिरीच्या पायथ्याची जुनी वाट, चातुर्मासाच्या प्रवचनाला जमलेल्या स्त्रिया, असे तुकडे जेथे असतील ते रीळ बाजूला काढावे.

इंग्रजी राजवटीतील अधिकाऱ्यांच्या कुटुंबांनी भारतात काढलेली अशी हौशी चित्रणे केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राने जमवून जतन केली आहेत. त्यांत बंगले, शिकार, क्लब आणि नोकरचाकर दिसतात. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथील पेढी, येथील मंदिर, येथील माजघर त्या साहेबी कॅमेऱ्यात येण्याचे कारणच नव्हते. ती उणीव भरून काढणारे साहित्य असेल, तर ते येथल्याच घरांत असेल.

तिसरी कसोटी : रिळाची पुष्पिका

जुन्या हस्तलिखित ग्रंथाच्या शेवटी पुष्पिका असते. ग्रंथ कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कोणत्या गावी आणि कोणत्या तिथीला पूर्ण झाला, हे लेखकाने तेथे नोंदवलेले असते. अभ्यासक ग्रंथ हाती घेतला की आधी शेवटचे पान पाहतात. चित्रफितीचे संग्राहकही तेच करतात. त्यांची पुष्पिका म्हणजे रिळाचा डबा. डब्यावरचा टपालाचा शिक्का, शाईने लिहिलेले नाव, आत ठेवलेली चिठ्ठी, दुकानाची पावती यांमुळे रिळाचे मोल अनेक पटींनी वाढते. म्हणून रिळे नव्या डब्यांत भरून जुने डबे फेकून देणे हा मोठा तोटा आहे.

डबा नसेल तर फीत स्वतः थोडी माहिती देते. कोडॅकच्या फितीच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असत. त्यांवरून फीत कोणत्या वर्षी बनली ते कळते. मात्र त्या खुणा वीस वर्षांनी पुन्हा वापरल्या जात, म्हणून दुसरा पुरावा लागतो. तो चित्रातच मिळू शकतो. दुकानाच्या भावफलकावर मण आणि शेर आहेत की क्विंटल आणि किलो, हे पाहावे. मेट्रिक वजने १९५८ ते १९६२ या काळात टप्प्याटप्प्याने आली. डब्यावर 'परतूर, जि. परभणी' असे असेल तर नोंद बहुधा १ मे १९८१ पूर्वीची, कारण त्या दिवशी परतूर नव्या जालना जिल्ह्यात गेले. 'वसमत, जि. परभणी' असे असेल तर १ मे १९९९ पूर्वीची, कारण त्या दिवशी हिंगोली जिल्हा वेगळा झाला.

या सर्वांहून मोठा पुरावा म्हणजे घरातील वडीलधारी माणसे. 'डावीकडून तिसरे ते आपले मुनीमजी, त्यांच्या मागे उभे ते मापाडी' हे सांगणारी व्यक्ती आज ऐंशी वर्षांची आहे. ती आहे तोवर ते रीळ त्या गावाचा इतिहास आहे. ती गेल्यावर ते अनोळखी माणसांचे हलते चित्र उरेल. फितीची दुरुस्ती दहा वर्षांनी कदाचित होऊ शकेल, नावांची होणार नाही.

चौथी कसोटी : न छाटलेले

१९९० च्या दशकात लग्नाच्या चित्रणावर हिंदी चित्रपटांतील गाणी चढवण्याची पद्धत रुळली. हृदयाच्या आकारात वधूवरांचे चेहरे, फिरणारी फुले आणि वर गाणे. त्या गाण्याखाली आजीने म्हटलेले मंगलगीत, सनईवाल्याची धून, मामांनी मारलेल्या हाका कायमच्या दबल्या. म्हणून सजवलेल्या कॅसेटीपेक्षा तिच्या आधीची कच्ची कॅसेट संग्राहकाला अधिक हवी असते. तिच्यात कॅमेरा हलतो, मधेच जमीन दिसते, पण आवाज खरा असतो. मराठवाड्याची बोली, घरातील मारवाडी वा गुजराती, स्वयंपाकघरातील संभाषण हे लिखित कागदात कोठेही सापडत नाही. घरात अशी कच्ची कॅसेट असेल, तर ती 'बिघडलेली' म्हणून वेगळी काढू नये.

मुदतीची हुंडी

या कामाला मुदत आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ साली असा इशारा दिला होता, की चुंबकीय फितीवरचे जे साहित्य २०२५ पर्यंत संगणकीय स्वरूपात उतरवले जाणार नाही, ते बहुतांशी कायमचे गमावले जाईल. फीत झिजते हे एक कारण, आणि ती लावणारी यंत्रे व दुरुस्त करणारे कारागीर संपत आले हे दुसरे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीने, फुनाईने, २०१६ साली उत्पादन थांबवले. म्हणून कॅसेटी आधी उतरवून घ्याव्यात. रिळे चांगल्या जागी ठेवली तर थोडे थांबू शकतात.

चांगली जागा म्हणजे माळा नव्हे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहूनही अधिक. तळमजल्यावरची आतली, कोरडी, थंड खोली हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फितीचा पाया कुजू लागला आहे असे समजावे. ते रीळ इतरांपासून वेगळे ठेवून त्याचे काम सर्वांत आधी करवून घ्यावे. जुने रीळ उत्साहाच्या भरात जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नये. आकसलेली फीत दातऱ्यांत अडकून फाटते, दिव्याच्या उष्णतेने जळतेही. व्हीएचएस कॅसेटीच्या कडेची छोटी चौकोनी पट्टी मोडून टाकावी, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही मुद्रित होणार नाही.

मग खतावणी करावी. एक कोरी वही घ्यावी. प्रत्येक रिळाला आणि कॅसेटीला क्रमांक द्यावा आणि त्यासमोर पाच रकाने भरावेत : डब्यावर काय लिहिले आहे, कोणी चित्रित केले, कोठे, केव्हा आणि कोण दिसते. माहिती नसेल तेथे रकाना कोरा ठेवावा, अंदाज लिहू नये. उतरवून घेतलेल्या नकला घरातील वडीलधाऱ्यांना दाखवाव्यात आणि ते बोलत असताना त्यांचे बोलणे मोबाइलवर मुद्रित करावे. अनेक देशांत 'होम मूव्ही डे' भरतो. लोक आपापली रिळे घेऊन येतात आणि सर्वांनी मिळून ती पाहतात. गावातील एखाद्या धर्मशाळेत किंवा सभागृहात असा मेळा भरवणे अवघड नाही. एका घराच्या रिळात दुसऱ्या घराचे आजोबा सापडतात, हा अशा मेळ्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

मूळ रिळे घरी सांभाळणे शक्य नसेल, तर योग्य संस्थेचे दार ठोठवावे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. मुंबईत २०१४ साली स्थापन झालेले फिल्म हेरिटेज फाउंडेशन चित्रपटांच्या जतनाचे काम करते, आणि त्याच्या संग्रहात १९३०-४० च्या दशकांतील हौशी चित्रणेही आहेत. कोणतीही संस्था सर्व काही स्वीकारत नाही. म्हणून वहीची प्रत आधी पाठवावी. उत्तम खतावणी असलेल्या पेटीकडे संस्थेचे लक्ष लवकर जाते. देताना मालकी कोणाची, वापर कोणता, नक्कल कोणाला मिळणार हे लेखी ठरवावे. व्यापारी माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही.

एक मर्यादा मात्र पाळली पाहिजे. चित्रणात घरातील स्त्रिया आहेत, लहान मुले आहेत, साधू-साध्वींचे सान्निध्य आहे. तेव्हा घरापुरते काढलेले चित्र सर्वांपुढे ठेवण्याआधी संबंधितांना, ते नसल्यास त्यांच्या कुटुंबीयांना विचारावे. ज्यांचे मन दुखावेल असा भाग जतन करावा, पण प्रसारित करू नये. जतन आणि प्रदर्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

श्रुतपंचमीला आणि ज्ञानपंचमीला ग्रंथ बाहेर काढून, पुसून, नवे वेष्टन घालून पुन्हा ठेवण्याची रीत आहे. या रीतीमुळे वर्षातून एकदा तरी प्रत्येक पोथीला हात लागतो, कसर लागली असल्यास वेळीच दिसते आणि कोणती पोथी कोठे आहे हे पुढच्या पिढीला कळते. त्याच दिवशी पत्र्याची पेटीही उघडण्यास कोणाची हरकत नसावी. पहिल्या वर्षी क्रमांक घालावेत, दुसऱ्या वर्षी नावे भरावीत, तिसऱ्या वर्षी दहा वस्तू उतरवून घ्याव्यात. परंतु नावांचा रकाना भरू शकणारी व्यक्ती घरात असेल, तर हा क्रम बदलावा आणि तिच्यापासूनच सुरुवात करावी.